जो किनारा लागेल तोच पंच

आमच्या घराण्यात रागाचा दुष्काळ कधी पडला नाही. आजोबांनी बंदरावरच्या भांडणात एकाचे दोन दात पाडले होते. आईच्या हातात मासळी चिरायची सुरी असली की बाबा दारातूनच बोलायचे. मी डी.एड. करून शाळेत शिक्षिका झाले, पण हात शिवशिवायचा तो शिवशिवायचाच. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना मला कुणी गरीब गाय समजणार नाही.

आमचं गाव पालघरच्या नवापूरकडच्या किनाऱ्यावर, आणि मासेमारी हाच सगळ्यांचा धंदा. सत्तरच्या दशकात आमच्याकडे डोल जाळी लागायची. खोल पाण्यात खुंट ठोकायचे आणि त्यांना पिशवीसारखं लांबलचक जाळं बांधायचं. पाण्याच्या ओढीनं मासळी आपोआप आत येते. जाळं समुद्रात एकटंच असतं, राखायला कुणी नसतं, म्हणून ते कापून नेणाऱ्याइतका नीच माणूस आमच्यात दुसरा नाही. आणि चोरी करताना पकडला गेला म्हणून मालकालाच मारून पाण्यात सोडून जाणाऱ्याला तर माणसातच धरत नाहीत. त्याच्याबद्दल जुनी माणसं म्हणायची, "दर्याच्या चोराला लागंल तं बंदर पंच." म्हणजे जाळं कुणाचंही असो, गुन्हा कुठल्याही गावच्या पाण्यात झालेला असो, चोर ज्या किनाऱ्याला लागेल त्या गावानं त्याला धरायचं आणि त्याचा न्याय करायचा. आमचं पाणी नव्हे, आमचा माणूस नव्हे, असं म्हणून त्याला सोडणं हे पाप.

मी अठरा-एकोणीस वर्षांची असताना असा एक जण आमच्या किनाऱ्याला लागला. चार गावं पलीकडच्या एका म्हाताऱ्याचं जाळं कापताना त्यानं म्हाताऱ्याच्या डोक्यात वल्हं घातलं होतं. म्हातारा अर्धा दिवस खुंटाला मिठी मारून पाण्यात राहिला. आमच्या मचव्यानं त्याला काढलं तेव्हा कानावरची कातडी सोलून लोंबत होती आणि खाऱ्या पाण्यानं जखम पांढरी पडली होती. दोनच दिवसांनी तो चोर शीड फाटल्यामुळे नेमका आमच्याच बंदरात आला. लोकांनी त्याला केसांना धरून वाळूतून ओढला. मीही दगड घेऊन धावले.

पण माझे काका गावचे पाटील होते. आमच्याकडे पाटील म्हणजे मच्छीमारांच्या पंचायतीचा म्होरक्या. ते आडवे आले. "आदी पाणी, मग पंच," ते म्हणाले. रिवाज तसाच होता. धरलेल्याला आधी पाणी द्यायचं. मग ज्याच्यावर अन्याय झाला त्याला समोर बसवायचं. त्यानं सगळं सांगायचं, मध्ये कुणी बोलायचं नाही. चोरानं ते सगळ्यांसमोर स्वतःच्या तोंडानं परत म्हणायचं. आणि मग त्याच्या होडीचं सुकाणू काढून गावानं ठेवून घ्यायचं. सुकाणू नाही तर होडी नाही आणि होडी नाही तर माणूस भिकेला लागला. त्याच्या गावच्या पंचांनी येऊन हात जोडले तरच ते परत मिळायचं, आणि तोवर त्याचं नाव सगळ्या किनाऱ्याला कळलेलं असायचं. त्या माणसाला एक चापटसुद्धा कुणी मारली नाही. मला फार राग आला. हातातला दगड घरी पोहोचेपर्यंत मी टाकला नव्हता.

माझा दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. त्याला बोट लागायची. होडीत पाय ठेवला की ओकायचा, म्हणून बाबांनी त्याला बोईसरला कारखान्यांच्या वसाहतीत वायरमनच्या हाताखाली लावला. पुढे तो स्वतः वायरमन झाला. घरातला एकटाच शांत माणूस तो. मी कुणाला मारून आले की माझ्या वतीनं माफी मागायला जायचा. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला त्याच्या कारखान्यातून तांब्याच्या वायरची भेंडोळी नाहीशी झाली. गोदामाची चावी दादाकडे होती, म्हणून पोलिसांनी त्याला बोईसर रेल्वे स्टेशनवरून उचलला. त्याच्याबरोबर काम करणारा एक परप्रांतीय कामगार सायकल मारत माझ्या शाळेत आला आणि म्हणाला, "दीदी, आपके भाई को चौकी ले गये हैं. जल्दी जाइये."

कुठली चौकी ते सांगत नाही. आता ती तिथे नाही, आणि नाव सांगून दादाचे पाय बरे होणार नाहीत. तीन दिवस मी सकाळ-संध्याकाळ डबा घेऊन तिच्या दाराशी उभी राहिले. आत सोडत नव्हते. मागच्या खोलीच्या खिडकीला गोणपाट लावलेलं होतं. गोणपाटानं दिसायचं थांबतं, ऐकू यायचं थांबत नाही. पिठाच्या चक्कीचा पट्टा उघड्या तळपायावर पडला की कसा आवाज येतो हे मला तिथं कळलं. आधी पट्ट्याचा आवाज यायचा, मग दादाचा. दुसऱ्या दिवशी पट्ट्याचा आवाज तेवढाच होता, दादाचा घोगरा झाला होता. "सायेब, मी नाय नेली," एवढंच तो म्हणत होता. हात वर बांधून टांगल्यावरही तेच म्हणत होता; टांगला होता, हे मला नंतर त्याच्या मनगटांवरून समजलं.

मारणारा हवालदार पन्नाशीचा होता, कपाळाला गंध, मिशी नीट कातरलेली. दमला की बाहेर यायचा, मडक्यातलं पाणी मानेवर घ्यायचा. दुसऱ्या दुपारी त्यानं माझ्या हातातला डबा घेतला, बाकावर बसला आणि दादाची कोलंबी शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली. "मास्तरीणबाई, कालवण झकास. आईला सांगा," तो म्हणाला. डबा परत देताना त्यानं तो धुवून दिला होता. त्याच्या हातांना कोलंबीचा वास होता आणि मी त्या हातांकडे पाहत राहिले.

तिसऱ्या दिवशी दादानं चोरी कबूल केली. चौथ्या दिवशी वायर कारखान्याच्याच जुन्या शेडमध्ये सापडली. कुणीतरी दुरुस्तीच्या वेळी हलवली होती आणि सांगायचं विसरला होता. हवालदारानं दादाला दाराबाहेर आणून सोडलं आणि दार लावून घेतलं. कागद नाही, पंचनामा नाही, अटकच नाही म्हणे. त्याच कामगारानं त्याला सायकलच्या कॅरिअरवर बसवून घरी आणला. तळवे भाकरीसारखे टम्म फुगले होते आणि मधोमध फाटले होते. आठवडाभर लघवीतून रक्त जात होतं. आईनं पाय मांडीवर घेऊन हळद भरली आणि त्या चौकीतल्या प्रत्येकाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

पाय भरले. पण दादा वाकडा चालायला लागला, आणि कबुली काही भरून आली नाही. वायर सापडली हे गावाला ठाऊक होतं. तरी पाणवठ्यावर बायका म्हणायच्या, "पण कबूल केला ना त्यानं? उगाच कोण कबूल करतो?" कारखान्यानं परत घेतलं नाही. वहिनी माहेरी गेली ती राहिलीच. दादा ओटीवर भिंतीला टेकून लोकांची जाळी विणत बसायचा आणि कुणी काही विचारलं तर मान हलवायचा. मला एकच गोष्ट हवी होती. कुणीतरी, कुठेतरी, चार माणसांसमोर दादाला बसवावं आणि म्हणावं की तू चोर नाहीस, तुझ्यावर जुलूम झाला. तेवढं झालं की दादा पुन्हा बोलेल, अशी माझी खात्री होती.

तक्रार द्यायला मी सगळीकडे गेले. गावाजवळच्या चौकीत म्हणाले, गुन्हा बोईसरला घडला, आमची हद्द नाही. बोईसरला म्हणाले, उचलला स्टेशनातून, रेल्वेची हद्द. रेल्वेवाल्यानं विचारलं, मारलं का फलाटावर? नाही ना? मग आमचा काय संबंध. मी टेबलावर हात आपटला तर मलाच आत घालीन म्हणाला. कुंपणानंच शेत खाल्लं तर शेजारचं कुंपण काय न्याय देणार, हे मला समजायला हवं होतं. पण रागावलेल्या माणसाला अक्कल उशिरा येते.

शेवटी पालघरला एका वकिलाकडे गेले. कोर्टासमोर जिन्याखाली त्याची खोली होती, आणि त्याला अशिलांपेक्षा पुस्तकांची आवड जास्त. त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं.

"बाई, कागद नाही, साक्षीदार नाही. केस उभी राहणार नाही," तो म्हणाला. मग मी उठत नाही हे पाहून बोलत राहिला. "गंमत बघा. समुद्रावरचा चाचा असतो ना, लुटारू, त्याला हद्द नसते. कुठल्याही देशानं धरावा, कुठल्याही देशानं शिक्षा द्यावी. तो साऱ्या मानवजातीचा वैरी मानलेला आहे. आणि आता जगात असं म्हणायला लागलेत की कोठडीत माणसाचे हाल करणाराही त्याच्याच पंगतीचा."

"म्हणजे त्याला कुणीही धरावा?"

"देशांनी, बाई. कोर्टांनी. तुम्ही-आम्ही नव्हे."

शेवटचं वाक्य मी ऐकलं नाही असं नाही. ऐकलं आणि पालघरच्या स्टँडवर सोडून दिलं. बाकीचं घेऊन घरी आले. आमच्या अडाणी म्हाताऱ्यांचा रिवाज आणि जगाचा कायदा एकच निघाला होता! वर्षानुवर्षं जे आम्ही बंदरावर करत होतो ते वकिलाच्या जाडजूड पुस्तकात होतं. मला इतका आनंद झाला की एसटीत मी एकटीच हसत होते.

त्यानंतरची दोन वर्षं मी वाईट काढली. शाळेत एका मुलीवर शेजारणीची पाटी घेतल्याचा आळ आला आणि ती नाही म्हणाली. मी मारत राहिले, ती नाही म्हणत राहिली, आणि शेवटी ओठ फुटून रक्त आल्यावर हो म्हणाली. पाटी तिनं खरंच घेतली होती का, ते मी नंतर पाहिलंसुद्धा नाही. तिची आई घरी येऊन भांडून गेली. दादा ओटीवर बसला होता, त्यानं सगळं ऐकलं. त्या दिवशी तो जेवला नाही.

मग एका रविवारी दुपारी खाडीच्या तोंडाशी एक होडी उलटली. बोईसरकडची हौशी मंडळी गळ टाकायला गेली होती. ओहोटीच्या वेळी तिथे लाटा आडव्या येतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. आमच्या पोरांनी चौघांना काढलं आणि मचवे ओढून ठेवतात त्या जागेवर आणून पालथं घातलं. बायकांनी कोरडी लुगडी, लुंग्या आणल्या. मी घरून चहाची किटली घेऊन गेले. तिघांना चहा दिला. चौथ्याला कप देताना त्यानं वर पाहिलं. गंध धुऊन गेलं होतं, मिशी चिकटली होती, पण तोच होता. माझ्या हातचा चहा त्यानं दोन घोटांत संपवला आणि अजून मागितला.

मी किटली वाळूत ठेवली आणि काकांकडे गेले. "काका, दादाला मारणारा तो हाच. दर्यानं आणून दिला. पंच बसवा."

काकांनी त्या माणसाकडे नीट पाहून घेतलं. मग म्हणाले, "पोरी, आपला कायदा दर्याचा हाय. जमिनीवर केलेल्या गुन्ह्याला लागू नाय."

तेव्हा मी शिकलेपणा काढला. तोवर शंभर-दीडशे माणूस जमलं होतं. त्यांच्यासमोर मी वकिलाचं सगळं बोलणं सांगितलं. चाचा आणि छळ करणारा जगाच्या कायद्यात सारखे. दोघंही साऱ्या माणसांचे वैरी, दोघांनाही हद्द नाही. मग लागेल तो किनारा पंच हे यालाही लागू आहे की नाही? पालघरच्या वकिलानं सांगितलंय. मी वर्गात शिकवते तशी खणखणीत बोलत होते आणि माना डोलत होत्या. बाकी तिघे हौशी केव्हाच पळाले होते. हवालदाराला दोघांनी धरून ठेवला होता.

"पाणी देलं, चहा देला," काका शेवटी म्हणाले. "बोलवा दादाला. सांगू दे त्याला. आयकू."

दादाला आणलं. तो आपल्या वाकड्या चालीनं आला आणि हवालदाराच्या समोर दोन हातांच्या अंतरावर वाळूत बसला. रिवाजाप्रमाणे आता त्यानं सांगायचं होतं. दादा त्या माणसाच्या पायांकडे पाहत राहिला. त्याच्या तोंडून एक अक्षर फुटेना. लोक वाट पाहून चुळबुळायला लागले, आणि हवालदार हे बघून जरा सावरला.

"मी या माणसाला ओळखत नाही," तो म्हणाला. "कधी पाहिलेलाही नाही."

आणि तो खोटं बोलत नव्हता. मला आजही तसंच वाटतं. त्याला खरंच दादा आठवत नव्हता. असे किती पाय त्याच्यासमोर आले असतील. कालवण आठवत असेल कदाचित.

"याचा सुकाणू काय घ्याचा?" गर्दीतून कुणीतरी विचारलं. प्रश्न बरोबर होता. होडी भाड्याची होती आणि ती तर उलटून फुटली होती. समुद्राच्या चोराकडून घ्यायला वस्तू असते. या माणसाकडे आमच्या गावानं ठेवून घ्यावं असं काहीच नव्हतं. अंगावरची लुंगीसुद्धा आमचीच होती.

"अंग हाय ना," मी म्हणाले.

काका "नाय" म्हणाले, हे मी ऐकलं. जवळच मचव्याच्या इंजिनाचा जुना पट्टा पडला होता, तो मी उचलला. पोरांना म्हटलं, आडवा पाडा. त्यांना कुणी सांगायचीच खोटी होती. गावातल्या प्रत्येक घरातल्या कुणाला तरी कधी ना कधी चौकीत मार खावा लागला होता. दोघे पाठीवर बसले, दोघांनी घोटे धरले. मी पहिला पट्टा मारला तो तिरका पडला. दुसरा नीट बसला. तिसऱ्याला कातडी फुटली. त्याचं ओरडणं ऐकून मला बरं वाटलं, हे लपवत नाही. इतकं बरं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं आणि नंतरही नाही. "बोल," मी म्हणत होते, "बोल तू काय केलंस." सातव्या की आठव्या पट्ट्याला तो म्हणाला, केलं, सगळं केलं, तुम्ही म्हणाल ते केलं. कुणाला केलं, कधी केलं, त्याला ठाऊक नव्हतं. मला त्याचं काही वाटलं नाही. मी मारतच होते.

मध्येच माझ्या साडीला ओढ बसली. दादा गुडघ्यांवर सरकत माझ्यापर्यंत आला होता. त्याचं धोतर ओलं झालं होतं. त्यानं दोन्ही हात वर केले होते, मनगटं जोडून, टांगायला सोपं जावं तशी. तीन वर्षांत पहिल्यांदाच तो मोठ्यानं बोलला, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं.

"मीच नेली, सायेब. वायर मीच नेली. कबूल हाय. आता नका मारू."

तो माझ्याकडे पाहून म्हणत होता. मी म्हटलं, "दादा, मी आहे." तो म्हणाला, "व्हय सायेब."

काकांनी माझ्या हातातून पट्टा काढून घेतला. हवालदाराला बैलगाडीत घालून रस्त्यापर्यंत पोहोचवला. त्यानं तक्रार केली नाही. कुठल्या तोंडानं करणार. पंचायतीनं मला शिक्षा दिली नाही, उलट काही बायांनी पाठ थोपटली. आणि पाणवठ्यावर आता कुणी काही विचारत नव्हतं. दादानं कबूल केलेलं सगळ्या गावानं आपल्या कानांनी ऐकलं होतं, आणि या खेपेला त्याला तर कुणी मारतही नव्हतं.

त्या दिवसानंतर मी मुलांवर हात उचलला नाही. त्यानं फार काही झालं असं नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीला एके सकाळी वर्तमानपत्रात वाचलं की एका दूरच्या देशातल्या म्हाताऱ्या हुकूमशहाला, आपल्याच लोकांचे हाल केल्याबद्दल, दुसऱ्या देशाच्या सांगण्यावरून तिसऱ्याच देशात धरून ठेवलंय. पालघरचा वकील तोवर वारला होता, नाही तर पेढे घेऊन गेले असते. जगात कुठेतरी हद्द न विचारता कुणाला तरी धरलं, याचा मला खरोखर आनंद झाला. दादाला वाचून दाखवावं म्हणून मी पेपर घेऊन आतल्या खोलीत गेले. तो खाटेवर बसून जाळं विणत होता. मी दारात आल्याबरोबर त्यानं जाळं बाजूला ठेवलं, भिंतीला धरून त्या दुखऱ्या पायांवर उठला आणि मान खाली घालून उभा राहिला. मी खोलीत गेले की तो दर वेळी असाच उभा राहतो, आणि मी बस म्हटल्याशिवाय बसत नाही.